गोधडीचा वारा

भीमराज पाईकरावला कुणी विचारलं, "तुमी काय काम करता?" तर तो सरळ सांगायचा, "मी वारा मोजतो." समोरचा माणूस हसायचा. भीमराज हसायचा नाही.

औंढ्याहून दोन जीपा बदलल्या की मोरजळ यायचं. तिथं डोंगराच्या दोन सोंडांमध्ये चौऱ्याऐंशी साली मातीची भिंत घालून तलाव केलेला. भिंतीच्या एका टोकाला काटेरी तारेचं चौकोनी कुंपण होतं, आणि त्या कुंपणाच्या फाटकाची किल्ली भीमराजच्या करदोट्याला. आत पाऊस मोजायचं नळकांडं, पाणी किती आटतं ते बघायला ठेवलेलं, वरून जाळी घातलेलं मोठं घमेलं, दिशा दाखवणारा एक लोखंडी बाण, आणि खांबावर तीन वाट्यांचं वाऱ्याचं मीटर. वारा सुटला की वाट्या गरगरायच्या आणि खाली मोटरीच्या मीटरसारखे आकडे सरकायचे. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला भीमराज टोपी सारखी करून आत जायचा, आकडे वाचायचा आणि लांबरुंद रजिस्टरात भरायचा.

रजिस्टरात शेवटचा रकाना 'शेरा' असा होता. तो रिकामा सोडायचा रिवाज होता. भीमराजला रिकामी जागा बघवत नसे. तो लिहायचा, "वारा आज आळसावलेला." कधी, "दुपारी मावळतीकडून आला, क्वार्टरची दारं आपटून गेला." एकदा तर, "सकाळपासून पत्ता नाही. बहुतेक वसमतला मुक्काम." महिन्याच्या अखेरीस या पानांची नक्कल वरच्या ऑफिसात जायची. तेरा वर्षांत वरून एकच उत्तर आलं, तेही एका ओळीचं: शेरा रकान्यात काव्य करू नये. भीमराजला त्याचा राग आला नाही. कुणीतरी वाचतंय हे कळून त्याला दिवसभर बरं वाटलं. ती चिठ्ठी त्यानं खळ लावून रजिस्टरच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवली.

त्याच्या बायकोचं, चतुराबाईचं, या मीटरबद्दलचं मत फारसं चांगलं नव्हतं. क्वार्टरच्या मागं तिचं अंगण होतं. तिथं पापड, कुरडया, मिरच्या, हळकुंडं काही ना काही वाळत असायचंच, आणि दोन बाभळींना बांधलेल्या दोरीवर धुणं असायचं.

"तुमचं मीटर वारा येऊन गेल्यावर सांगतं," ती म्हणायची. "मला पापड उडायच्या आत कळाया पायजे."

यावरून दोघांत रोजची शर्यत. सकाळी चहा पिताना दोघांनी दिवसाचा वारा सांगायचा, आणि ज्याचा चुकेल त्यानं संध्याकाळचा चहा करायचा. लग्न झालं तेव्हा भीमराजला चूल पेटवता येत नव्हती. पुढं पुढं मोरजळच्या तलावावर येणारा पाहुणा म्हणायला लागला की चहा घ्यावा तर पाईकरावच्या हातचा.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत, हळद शिजवायच्या दिवसांत, तलावाच्या फाट्यावर एस. टी. थांबली आणि टपावरून एक लांबलचक पांढरी फळी खाली उतरवली गेली. तिच्यामागून एक काठी आणि कापडाचं गुंडाळं उतरलं, आणि सगळ्यात शेवटी नेमसिंग राठोड उतरला. शेजारच्या तांड्यावरचाच हा माणूस वीस वर्षं नौदलात काढून पेन्शनीवर आला होता. मिशा पिळदार, अंगात निळा बनियन, आणि चाल अशी की पायाखालची जमीन हलत असावी. कंडक्टरनं वसमतपासून चारदा विचारलं होतं की हे दार कुठल्या घराला बसवणार.

"दार नाही भाऊ, ही शिडाची फळी हाय," नेमसिंग सांगत होता. "हिच्यावर उभं ऱ्हायचं, शीड धरायचं, आणि वाऱ्यासंगं पाण्यावरून पळायचं."

कंडक्टरनं घंटी मारली. त्याचा विश्वास बसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता नेमसिंगनं फळी पाण्यात घातली. काठावर तांड्यातली दहावीस माणसं, मोरजळमधली तेवढीच, आणि भिंतीच्या कठड्यावर कपबशी घेऊन भीमराज. नेमसिंग फळीवर चढला, शीड उभं केलं, आणि उभा राहिला. शीड त्याच्या हातात ओल्या टॉवेलसारखं लोंबत होतं. पाणी आरशासारखं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. नेमसिंग धपकन पाण्यात पडला. वर आला, उभा राहिला, पुन्हा पडला. पाचव्या वेळेला लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाटलं, खेळ हाच आहे.

भीमराजला राहवेना. त्यानं हाताचा कर्णा केला.

"ओ फौजी सायेब! अजून दोन घंटे काही न्हाई! सव्वाअकराला या!"

"कोण येणार सव्वाअकराला?"

"वारा!"

नेमसिंगला वाटलं, हा माणूस चेष्टा करून राहिला. पण पाण्यात पडून पडून तो गारठला होता, म्हणून वर येऊन बसला. भीमराजनं त्याला चहा पाजला आणि पलीकडच्या काठाकडं बोट केलं. तिकडं सोनाजी कदमाच्या शेतात हळद शिजत होती. कढईवरची वाफ सरळ खांबासारखी वर चढत होती.

"ती वाफ बघा," भीमराज म्हणाला. "मावळतीच्या त्या खिंडीपल्याड सगळं काळं रान. ऊन पडलं का ते तापतं. तापलं का खिंडीतून हवा हलते. आधी वाफ वाकती. मग त्या खडकावरचे बगळे तोंड फिरवत्यात, पाठीत वारा घुसलेला त्येंला चालत न्हाई. मग पाण्यावर काळा डाग दिसतो. डाग दिसला का फळीवर उभं ऱ्हायचं, पाच मिंटं लागतेत."

अकरा वाजून पाच मिनिटांनी वाफेचा खांब कमरेत वाकला. बगळ्यांनी तोंडं फिरवली. खिंडीच्या खाली पाण्यावर काळसर डाग उमटला आणि पसरत पसरत अलीकडं यायला लागला. नेमसिंग कपबशी तशीच टाकून पळत सुटला. डाग फळीला लागला तेव्हा शीड फट्कन फुगलं, आणि हा गडी तलावाच्या मधोमध असा पळाला की कडेच्या म्हशीसुद्धा माना वळवून बघायला लागल्या.

परत आल्यावर त्यानं घड्याळ बघितलं. सव्वाअकराला तीन मिनिटं कमी असताना वाऱ्यानं त्याला उचललं होतं, सांगितल्यापेक्षा तीन मिनिटं आधी.

"तीन मिंटं चुकलो," भीमराज ओशाळून म्हणाला.

नेमसिंगनं त्याला मिठीच मारली. नेमसिंगच्या अंगावरचं सगळं पाणी भीमराजच्या सरकारी सदऱ्यात उतरलं. "भाऊ, मी वीस वर्षं दर्यावर होतो. असला माणूस मला तिथं न्हाई भेटला."

चतुराबाई दारातून हे सगळं बघत होती. तिनं वाळलेला सदरा नवऱ्याच्या हातात दिला आणि पाहुण्याला सांगितलं, "दुपारी दोनला त्यो वारा जोर धरन. तवा पाण्यात नका जाऊ भाऊ, आजच्याला तुमचा हात बसल्याला न्हाई."

"मीटर काय म्हणतं?" नेमसिंगनं भीमराजला विचारलं.

"मीटर अजून काही म्हनलं न्हाई," चतुराबाईनंच उत्तर दिलं. "मी म्हनून राहिले."

दोन वाजता नेमसिंग गेलाच. अडीच वाजता पलीकडच्या काठाशी पडला आणि फळी एकीकडं, तो एकीकडं असा सोनाजीच्या शेताला लागला. सोनाजीनं त्याला हळदीच्या ढिगाशेजारी बसवून जेवू घातलं. पिवळ्याजर्द पायांनी तो संध्याकाळी चालत परतला आणि त्या दिवसापासून चतुराबाईला 'वहिनी' म्हणायला लागला. तो मान त्यानं शेवटपर्यंत मोडला नाही.

त्यानंतरच्या दोन वर्षांत मोरजळचा तलाव बदलून गेला. नेमसिंगनं गावच्या सुताराला हाताशी धरून तीन छोट्या होड्या बनवल्या. शिडं वसमतला ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून शिवून घेतली. रविवारी आसपासची माणसं शिकायला यायला लागली. औंढ्याच्या शाळेतली खेळाची शिक्षिका मंजुषा घनसावंत एकदा सहलीबरोबर आली आणि लेकरं परत गेली तरी ही फळीवरून उतरायला तयार होईना. चोवीस वर्षांची काटक पोरगी, बोलायला फटकळ. तिला फळीवर तोल सापडला तो दुसऱ्याच रविवारी, आणि नेमसिंगनं कबूल केलं की आपल्याला त्याला चार महिने लागले होते.

शिकणाऱ्या सगळ्यांना एकच प्रश्न असायचा: वारा किती? भीमराज सांगायचा, "ताशी चौदा किलोमीटर." लोक माना डोलवायचे आणि कुणालाच काही कळायचं नाही. मग चतुराबाई अंगणातून ओरडायची, "रुमाल उडतोय, पातळ न्हाई!" ते लगेच कळायचं.

शेवटी नेमसिंगनं कुंपणाला एक फळा टांगला आणि दोघांची सांगड घालून चार पायऱ्या ठरवल्या. दोरीवर नुसती चिंधी हलली तर 'चिंधीचा वारा', होडी काढू नये, चहा प्यावा. रुमाल फडफडला तर 'रुमालाचा वारा', नवशिक्यांसाठी. नऊवारी पातळ आडवं झालं तर 'पातळाचा वारा', शिकलेल्यांनी जावं. आणि भिजलेली गोधडी दोरीवरून उचलली गेली तर 'गोधडीचा वारा', पाण्यात असाल तर बाहेर या. भीमराजनं प्रत्येकासमोर खडूनं किलोमीटरचे आकडे लिहिले, कारण त्याशिवाय त्याला झोप लागली नसती. चतुराबाईनं दोरीवर कायमची एक चिंधी, एक रुमाल, एक जुनं पातळ आणि एक गोधडी लावून टाकली. धुण्यासाठी दुसरी दोरी बांधावी लागली, ती नेमसिंगनं आणून बांधली. नौदलातली गाठ मारली होती, सुटता सुटायची नाही.

भीमराजच्या आयुष्यातले हे सगळ्यात सुखाचे दिवस. ज्या आकड्यांकडं तेरा वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही, ते आकडे विचारायला माणसं परभणी-नांदेडाहून यायची. फाट्यावरच्या टेलिफोनच्या टपरीवर शनिवारी संध्याकाळी फोन यायचे आणि टपरीवाला मुन्ना सायकल हाणत यायचा, "काका, नांदेडवाले पूछ रहे, कल का क्या?" भीमराज तोऱ्यात सांगायचा, "बोल, अकराला रुमाल, एकला पातळ, चारनंतर उतार." मुन्ना हे घोकत परत जायचा. एकदा त्यानं नांदेडच्या माणसाला सांगितलं की अकराला रुमाल आणि एकला पातळ घेऊन या. माणूस खरंच घेऊन आला.

शहाण्याला थोडा ताठा चढतो, तसा भीमराजला चढला. त्यानं नवी टोपी घेतली. वारा सांगताना तो डोळे बारीक करून आभाळाकडं बघायला लागला. याची काही गरज नव्हती, तो अंदाज पलीकडच्या वाफेवरून नाहीतर बगळ्यांवरून करायचा, आणि हे चतुराबाईला माहीत होतं. संध्याकाळचा चहा करायला त्यानं टाळाटाळ सुरू केली. "आज बराबर होतो मी," तो म्हणायचा. "न्हाई हो, अर्ध्या घंट्यानं चुकला," ती म्हणायची, आणि शेवटी चहा जो तो आपापला करून प्यायचा.

नव्याण्णव साली हिंगोली वेगळा जिल्हा झाला. पुढच्या वर्षी एक मेला वर्षपूर्ती. ज्याला जे सुचेल ते त्यानं करायचं ठरवलं. मोरजळच्या क्रीडा मंडळानं ठरवलं, शिडांच्या होड्यांची शर्यत. एक मोठे साहेब प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते. पत्रिकेवर वेळ छापली: सकाळी नऊ.

पत्रिका हातात पडल्यावर भीमराज मंडळाच्या अध्यक्षांकडं गेला. अध्यक्ष गोरेगावच्या बाजारातले कापडदुकानदार होते. "सायेब, नऊला वारा नसतो."

"नसतो म्हणजे? आपण बोलावलंय ना सगळ्यांना."

"वाऱ्याला पत्रिका गेली न्हाई, सायेब."

अध्यक्षांना ते झोंबलं. वेळ बदलणार नाही, ते म्हणाले. नेमसिंग कपाळाला हात लावून बसला. भीमराजनं त्याला धीर दिला. "फौजी, काळजी करू नगा. मोठे सायेब हैत. नऊचं छापलंय म्हंजी साडेअकराला येतेन. तवर वारा आलेला असतो."

पाहुणे अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी आले. वारा त्यांच्या आधी पंधरा मिनिटं येऊन थांबला होता.

तलावाकाठी रंगीत कापडाचा मोठा मांडव घातलेला, आत खुर्च्या, मध्ये टेबलावर माईक. मे महिन्याचं ऊन रणरणत होतं. अध्यक्षांनी भाषणात पाच वेळा 'ऐतिहासिक' म्हटलं आणि मग बोलायला भीमराजचं नाव पुकारलं. भीमराजनं इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. आयुष्यात पहिल्यांदा तो माईकवर बोलणार होता, आणि बोलायला वाऱ्याशिवाय दुसरा विषय नव्हता, यापेक्षा आणखी काय हवं?

तो माईककडं निघाला तशी चतुराबाईनं त्याची बाही धरली. "आवं, ऐका. सकाळपासून अंग चिकट होऊन राहिलंय. एवढ्या उन्हात काल घातलेला पापड अजून वाकतोय, मोडत न्हाई. हवेत पानी हाय. दिवसभराचं सांगू नगा, दोनपस्तोर सांगा."

"सोळा वर्षांची रजिस्टरं हैत माझ्यापाशी," भीमराज म्हणाला. "मेच्या पहिल्या हप्त्यात मावळतीचा सरळ वारा असतो. पापडाचं ठिव."

आणि त्यानं माईकवर डोळे बारीक करून सांगितलं, "मोरजळ तलावावर आज दिवसभर पातळाचा वारा राहील. सांजपर्यंत काही बदल न्हाई." टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी शेजारच्याला विचारलं, "पातळाचा म्हणजे?" शेजारच्यानं सांगितलं, "शास्त्रीय शब्द आहे, साहेब."

साडेबाराला शर्यत सुटली. तीन होड्या, आणि फळीवर मंजुषा. वारा भीमराजच्या शब्दाबरहुकूम वाहत होता. होड्या पलीकडच्या खडकाला वळसा घालून आल्या, दुसऱ्या फेरीला निघाल्या. भीमराज खुर्चीत मागं टेकून बसला होता.

पावणेदोन वाजता दोरीवरचं पातळ एकदम खाली आलं.

चतुराबाईनं ते सगळ्यांच्या आधी बघितलं, कारण ती शर्यत बघत नव्हती, दोरी बघत होती. पातळ सरळ लोंबलं. रुमाल लोंबला. चिंधीसुद्धा हलेना. तलावाच्या मधोमध होड्या जागच्या जागी थांबल्या आणि शिडं ढिली पडली. प्रेक्षकांना वाटलं, विश्रांती असेल. मग पातळाचा पदर हळूच हलला, पण उलट्या बाजूनं, उगवतीकडून. तिच्या गालाला गार झुळूक लागली आणि तिनं मागं वळून बघितलं. भिंतीच्या मागच्या डोंगरावर काळंनिळं ढगाचं मुंडकं वर आलं होतं. मांडवाच्या कापडामुळं ते कुणाला दिसत नव्हतं.

ती पळतच मांडवात शिरली. कुणीतरी आभार मानत होतं. तिनं त्याच्या हातातला माईक काढून घेतला.

"नेमसिंगभाऊ! होड्या बाहेर काढा! वल्ही मारा! मागून गोधडीचा वारा येतोय, गोधडीचा! फळीवरची पोरगी, शीड पाण्यात टाक आन् फळीला धरून ऱ्हा!"

माईकचा आवाज तलावभर घुमला. होडीतल्या माणसांनी वळून बघितलं, आणि दोन वर्षांची सवय कामाला आली. 'गोधडी' हा शब्द कानावर पडला की विचार करायचा नसतो. वल्ही निघाली, होड्या काठाकडं सुटल्या. मांडवात मात्र पाहुण्यांनी अध्यक्षांकडं बघितलं, अध्यक्षांनी भीमराजकडं, आणि भीमराजनं आपल्या इस्त्रीच्या सदऱ्याकडं. मग तो उठला आणि धावत पाण्याकडं गेला, कारण चतुरा ओरडली म्हणजे काय, हे त्याला इथल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. पहिल्या होडीचा दोर त्यानं छातीभर पाण्यात उभं राहून ओढला, दुसरीचा ओढला, आणि तिसरी काठाला लागते न लागते तोच वावधान आदळलं.

धूळ, पाचोळा, गार वारा, पाऊस, सगळं एकदम. खुर्च्या लोळायला लागल्या. मांडवाचे दोन खांब उपटले गेले, कापड एका बाजूनं सुटलं, फुगलं, आणि पुढच्या क्षणी अख्खा मांडव दोऱ्याखांबांसकट उठून तलावावर गेला. लाल, पिवळं, निळं असं ते भलंमोठं कापड पाण्याला घासत, मध्येच उसळत, सरळ पलीकडच्या काठाकडं निघालं. लोक जमिनीला चिकटून पडले होते तरी माना वर करून बघत होते. सोनाजी कदमानं नंतर शपथेवर सांगितलं की मांडव त्याच्या शेताला सव्वातीन मिनिटांत पोचला, आणि त्या दिवशी त्याच्या आधी पलीकडं कुणीच पोचलं नव्हतं.

मंजुषानं शीड पाण्यात टाकलं होतं आणि फळीवर पालथी पडून दोन्ही हातांनी कडा धरल्या होत्या. अंगात तरंगायचं जाकीट होतं. लाटांनी तिला तशीच वाहत नेलं. वीस मिनिटांनी पाऊस थांबला तेव्हा ती सोनाजीच्या बांधावर मांडवाच्या कापडावर बसून केस पिळत होती. नेमसिंग होडी घेऊन तिला आणायला गेला, तर ती विचारते, "सर, दुसरी फेरी मोजणार की नाही?"

कुणाला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. पाहुणे भिजले होते, पण हसत होते. बक्षीस कुणाला द्यायचं यावर अध्यक्षांचा घोळ सुरू झाला, तेव्हा पाहुण्यांनीच चषक उचलला आणि चतुराबाईच्या हातात ठेवला. "शास्त्रीय काय ते तुम्हाला समजतं, बाई," ते म्हणाले.

सगळे गेल्यावर भीमराज कुंपणात गेला. साडेपाच वाजले होते. मीटरचे आकडे वाचले. दिवसभराची बेरीज बघितली तर आजचा वारा आणि कालचा वारा यांत तेरा किलोमीटरचा फरक. एवढं थैमान झालं आणि मीटरनं ते सगळं दिवसभराच्या बेरजेत मुरवून टाकलं होतं. तो घमेल्याच्या कडेला बसून राहिला. सोळा वर्षांत असे किती वारे साडेआठ आणि साडेपाचच्या मधून सटकले असतील? त्याच्याकडं त्यांचा पत्ताच नव्हता. त्याला मांडवाची लाज वाटली नव्हती तेवढी याची वाटली. त्यातही तीन होड्यांतली माणसं त्याच्या शब्दावर पाण्यात उतरली होती, हे सारखं डोक्यात येत होतं.

शेऱ्यात त्यानं लिहिलं: "माझा अंदाज चुकला. चतुराबाईचा बराबर. माणसं तिच्यामुळं वाचली." सही केली. मग घरात जाऊन चहा टाकला.

चतुराबाई चषकात मिरच्या भरता येतील का ते बघत होती. तो तिच्यासमोर कप ठेवून म्हणाला, "उद्यापासून दुपारचं तू लिव."

"काय लिवू?"

"जे दिसन ते. मीटरला दुपार कळत न्हाई."

चतुराबाई चौथीपर्यंत शिकली होती, पण लिहायची सवय मोडली होती. तिनं शब्दांऐवजी चित्रं काढायला सुरुवात केली. चिंधीची रेघ, रुमालाचा चौकोन, पातळाची लांब नागमोड, आणि गोधडीसाठी चौकडीचा ठोकळा. भीमराजनं शाळेची वेगळी वही आणली, तिच्या चित्रांशेजारी वेळ आणि दिशा लिहायचं काम आपल्याकडं घेतलं. नेमसिंग आणि मंजुषा दर रविवारी ती वही उलटून बघायचे. वर्षभरात एक गोष्ट ध्यानात आली. चौकडीचे ठोकळे बहुतेक दुपारी दोन ते चारच्या आतले होते, आणि त्यांच्या आधी अर्धा तास कोराच असायचा. मंजुषानं ते मोठ्या कागदावर काढून फळ्याशेजारी लावलं: वारा अचानक पडला तर आनंद मानू नका, बाहेर या. तो कागद लागल्यापासून मोरजळला कुणी बुडालं नाही, आणि पुढं सगळी मंडळी त्याला 'वहिनीचा कायदा' म्हणायला लागली.

दोन हजार तीन आणि चार साली पाऊस दगा देऊन गेला. तलाव आटत आटत मधल्या डबक्यावर आला. होड्या भेगाळलेल्या गाळात उपड्या पडल्या. शिकायला येणारं कुणी नाही, फोन नाही. तरी दोघं वारा लिहीत होती. घमेल्यात मात्र आटण्यापुरतं पाणी भीमराज रोज लांबून कळशीनं आणून घालायचा, कारण आटतं किती हे मोजायचं तर आधी पाणी हवं. नेमसिंग तेवढ्यात तांड्यातल्या पोरांना जमिनीवर ठेवलेल्या फळीवर उभं करून तोल शिकवायचा. पाचच्या पावसाळ्यात तलाव सांडव्यावरून वाहिला तेव्हा ती पोरं पाण्यात उतरली आणि पडलीच नाहीत.

दोन हजार आठला भीमराज अठ्ठावन्नचा झाला. त्याच्या जागी माणूस आला नाही, एक पेटी आली. तिच्यावर अँटेना, आणि ती वारा दर तासाला परस्पर वर कळवायची. भीमराजनं तिला दोन दिवस शेजारी बसून पारखलं आणि नेमसिंगला सांगितलं, "हुशार हाय. दुपार बी कळती तिला. पण शेरा लिवत न्हाई."

दोघं वसमतला, लेकीच्या घराजवळ राहायला गेली. तिथं शेजारी चार मजली इमारत, वारा येतो कुठून आणि जातो कुठं याचा मेळ लागेना. पहिल्याच महिन्यात दोघं रविवारच्या एस. टी.नं मोरजळला हजर. नेमसिंगच्या मिशा आता पांढऱ्या झाल्या होत्या. त्यानं कमरेवर हात ठेवून विचारलं, "भाऊ, वहिनी, अकरा वर्षं झाली. तुमी दोघं एकदा तरी होडीत बसला का?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. खरंच, कधी बसले नव्हते. काठावरून सांगण्यात वेळच गेला होता.

नेमसिंगनं त्यांना जाकिटं घातली, होडीत बसवलं आणि रुमालाच्या वाऱ्यावर हळूहळू मधोमध नेलं. चतुराबाईनं पदराखाली भाजलेल्या शेंगा घेतल्या होत्या. भीमराजनं दोन्ही हातांनी कड धरली होती आणि तो शीड फुगलेलं खालून बघत होता. तलावाच्या बरोबर मध्यावर वारा पडला. होडी थांबली.

"आता येईल खिंडीकडून," भीमराज म्हणाला. "पंधरा मिंटं."

"न्हाई, उगवतीकडून येणार," चतुराबाई शेंग फोडत म्हणाली. "पावून घंटा."

"वहिनी, तुमच्या कायद्यानं आता बाहेर पडाया पायजे," नेमसिंग म्हणाला.

तिनं मान फिरवून सगळं आभाळ नीट बघितलं. "ढग न्हाई. अंग चिकट न्हाई. ऱ्हा बसून."

नेमसिंगनं टोपी डोळ्यांवर ओढली आणि तो झोपला. दोघं नवराबायको शेंगा खात, टरफलं पाण्यात टाकत, ती कुठल्या बाजूला सरकतात ते बघत बसली. चार टरफलं खिंडीकडं गेली, तीन भिंतीकडं, आणि दोन जागच्या जागी फिरत राहिली. यावरून बराच वेळ बोलणं झालं. वारा सुटला तेव्हा नेमसिंगला हलवून जागं करावं लागलं. वारा कुठून सुटला, यावर वसमतला पोचेपर्यंत दोघांचं एकमत झालं नव्हतं.